उरुळी कांचनचे आठ दिवस: माती, पाणी आणि मावशीचा डबा

दिवाळीनंतर मावशीच्या साखरेचा रिपोर्ट आला आणि घरात चर्चासत्र भरलं. मावशी बहात्तर वर्षांची, गोडाची शौकीन. शेवटी तिनेच जाहीर केलं, "मला उरुळीच्या निसर्गोपचार आश्रमात न्या. तुझ्या आजोबांचं पोट तिथेच सुधारलं होतं." तिच्या नेहमीच्या डॉक्टरांनी 'जा' म्हटलं, पण गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत अशी ताकीद दिली. सोबतीला मी. माझं दुखणं म्हणजे खुर्चीत बसून धरलेली पाठ आणि बारमाही सर्दी.

उरुळी कांचन पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण तीस किलोमीटर. कागदावर तासाभराची वाट, पण हडपसर ते लोणी काळभोर हा पट्टा सकाळ-संध्याकाळ जीव खातो. आम्ही जाताना गाडी केली आणि पस्तावलो. येताना पुणे-दौंड मार्गावरची पॅसेंजर पकडली, अर्ध्या कटकटीत घरी. उरुळीला स्टेशन आहे, तिथून रिक्षा मिळते. हडपसरहून पीएमपीची बसही आहे, पण सामान आणि म्हातारं माणूस सोबत असेल तर रेल्वेचाच विचार करा.

निसर्गोपचार आश्रमात असंच उठून जाता येत नाही. आधी अर्ज भरायचा, त्यात आजार आणि चालू औषधं लिहायची, मग खोली मिळायची. थंडीत आणि मे महिन्याच्या सुट्टीत गर्दी असते, तेव्हा तारीख आधीच पक्की करा. दर आणि खोल्यांचे प्रकार फोनवर विचारून घ्या, ते बदलत राहतात. मात्र दोन दिवसांच्या सहलीसाठी जाऊ नका. पहिले दोन दिवस नुसतं डोकं दुखतं. माझं दुखलं ते चहा सुटल्यामुळे.

दिनक्रम कडक. आमच्या वेळी पहाटे पाचच्या सुमाराला उठायचं, प्रार्थना, मग योगासनांचा वर्ग. सतरंजीवर माझ्या शेजारी एक निवृत्त एसटी कंडक्टर काका बसायचे. शिकवणाऱ्या ताई "श्वास सोडा" म्हणाल्या की काका इतक्या जोरात सोडायचे की पुढच्या रांगेतल्या बायका मागे वळून बघायच्या. पण चौथ्या दिवशी त्यांचे हात पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचले आणि त्यांनी वर्गभर नजर फिरवली, जणू सगळ्या बसची तिकिटं तपासून झाली.

जलनेतीचं, म्हणजे पाण्याने नाक धुण्याचं, मात्र सविस्तर सांगते, कारण घरी येऊन टिकली ती तेवढीच. नेतीपात्रात कोमट पाणी, त्यात मीठ अश्रूंइतकं खारट होईल एवढंच. मीठ कमी पडलं तर नाकात झोंबतं, जास्त झालं तर आग होते. मान बाजूला आणि किंचित पुढे कलती ठेवायची, श्वास तोंडाने. वरच्या नाकपुडीत पाणी सोडलं की खालच्या नाकपुडीतून बारीक धार लागते. पहिल्यांदा मी घाबरून श्वास नाकाने घेतला आणि बेसिनभर ठसकले. ताई शांतपणे म्हणाल्या, "पाण्याला जाऊ द्या, तुम्ही मध्ये येऊ नका." नंतर पुढे वाकून, जोरजोरात श्वास सोडून नाक कोरडं करायचं. ही पायरी लोक टाळतात आणि मग डोकं जड झालं म्हणतात. घरी करणार असाल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं थेट नको.

मग माती. खोलवरची, खडे नसलेली माती उन्हात वाळवून, चाळून, रात्रभर भिजवलेली असते. ओल्या फडक्यात तिची जाड पट्टी करून रिकाम्या पोटावर वीसेक मिनिटं ठेवतात. नोव्हेंबरच्या सकाळी तो गार गोळा बेंबीखाली बसला की माणसाला आपले सगळे पूर्वज आठवतात. पाच मिनिटांनी मात्र अंग सैलावतं, आणि शेजारच्या खाटेवरून घोरण्याचा आवाज येऊ लागतो. मावशी तिथे रोज झोपायची. कटिस्नान त्यामानाने सुसह्य: टबात कंबर पाण्यात, पाय बाहेर कोरडे, आणि पोट हलक्या हाताने चोळत राहायचं. एनिमाबद्दल एवढंच, की लाजायचं कारण नाही, तिथे सगळेच एका रांगेत असतात. पोट हलकं होतं हे खरं. त्यातून शरीरातलं विष बाहेर पडतं वगैरे जे लोक सांगतात, ते मी काही मानत नाही.

शंखप्रक्षालनाच्या, म्हणजे खारट पाणी पिऊन आतडी धुण्याच्या, दिवशी मावशीला वगळलं आणि ती रुसली. खारट कोमट पाण्याचे पेल्यामागून पेले, मध्ये ताडासन, तिर्यक ताडासन, कटिचक्रासन, मग धावपळ, आणि शेवटी तूप घातलेली मऊ खिचडी. रक्तदाब, अल्सर, हृदयाचा त्रास असलेल्यांनी हे करायचं नसतं. साखरेची गोळी चालू असणाऱ्यानेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवासाच्या किंवा रसाहाराच्या भानगडीत पडू नये, साखर एकदम खाली जाते. आपण काय घेतो ते तपासणीच्या वेळी पहिल्या वाक्यात सांगा.

खरी गोडी मला व्याख्यानांत लागली. संध्याकाळी जेवण लवकर उरकतं, मग माणसं खुर्च्या आणि सतरंज्या धरून बसतात. विषय एरवी शाळेत ऐकलेला, पंचमहाभूतं. पण इथे प्रत्येकाचा उपचार जोडलेला: माती म्हणजे पट्टी, पाणी म्हणजे टब, तेज म्हणजे कोवळं ऊन, वायू म्हणजे प्राणायाम. आणि आकाश? आकाश म्हणजे उपवास, पोटात मोकळी जागा. मावशी कुजबुजली, "म्हणजे माझ्या पोटात आत्ता अख्खं आकाश आहे."

एका संध्याकाळी विषय या गावाचाच निघाला. गांधीजी गरिबांसाठी निसर्गोपचाराचा दवाखाना आधी पुण्यातच काढणार होते, डॉ. दिनशा मेहतांच्या जागेत. पण खेड्यातला गरीब माणूस शहरातल्या दवाखान्यापर्यंत पोचणारच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि बेत बदलला. २२ मार्च १९४६ला ते उरुळीत आले, ३० मार्चपर्यंत राहिले, स्वतः रोगी तपासले. औषध काय, तर ऊन, कटिस्नान, साधा आहार आणि रामनाम. ते गेले आणि मागे राहिले मणिभाई देसाई, सुरतेकडचा पंचविशीतला तरुण, जो पुढे आयुष्यभर हलला नाही. विनोबांचे भाऊ बाळकोबा भावेही इथलेच झाले. माणूस बरा करायचा तर त्याच्या ताटात दूध हवं, म्हणून मणिभाई गाईंकडे वळले. त्यातूनच १९६७मध्ये 'बाएफ' ही पशुपालन आणि ग्रामविकासाचं काम करणारी संस्था उभी राहिली, आणि १९८२मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मी इतकी वर्षं पुण्यात राहून 'बाएफ' म्हणजे गाईगुरांचं काहीतरी एवढंच जाणत होते.

म्हणून सांगते, उपचार झाले की खोलीत जाऊन मोबाइल बघत पडू नका. मालिश तर पुण्यातही मिळेल. व्याख्यानांना बसा, वही न्या, प्रश्न विचारा. आहाराच्या व्याख्यानात एका बाईंनी भाकरी किती आणि भाजी किती, हे वाटीच्या मापाने विचारलं, तेव्हा सगळ्यांनीच पेनं काढली.

जेवण म्हणाल तर उकडलेल्या भाज्या, भाकरी, ताक, मीठ नावाला. तिसऱ्या दिवशी मावशी भलतीच आनंदी दिसली म्हणून मला संशय आला. तिच्या औषधांच्या डब्यात, गोळ्यांच्या पाकिटांखाली, कागदात गुंडाळलेले चार पेढे निघाले. दोन आधीच गेले होते. उरलेले माझ्या ताब्यात घेतले आणि, लपवत नाही, रात्री मीच खाल्ले. दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून डॉक्टरांना सांगून मोकळी झाली, आणि माझंही नाव घेतलं.

बरोबर न्यायचं: सैल सुती कपडे, मातीचा डाग पडला तरी चालेल असा जुना गाऊन किंवा लुंगी, दोन जुने टॉवेल, रबरी चपला, डासांचं मलम, थंडीत शाल. दागिने घरी ठेवा.

निघताना वेळ असेल तर यवतवरून वर जाऊन भुलेश्वर बघा. यादवकाळातलं देऊळ आहे, शिल्पं बरीच फोडलेली, पण स्त्रीरूपातला गणपती शोधण्यात मजा येते. हिवाळ्यात सोलापूर रस्त्याने पुढे भिगवणला रोहित पक्षी बघता येतात, त्यासाठी पहाटेच कुंभारगाव गाठावं लागतं. आम्हाला दोन्ही जमलं नाही, कारण मावशीला स्टेशनवर पोचायची घाई होती. तिथे भजी मिळतात असं कंडक्टर काकांनी तिला सांगून ठेवलं होतं.

वजन माझं दोन किलो उतरलं होतं, त्यातलं दीड परत आलं. मावशीच्या साखरेचा पुढचा रिपोर्ट तीन महिन्यांनी करायचाय. परवा पहाटे साडेपाचला तिचा फोन आला. मी धसकून उचलला. "अगं, नेतीच्या पाण्यात मीठ किती म्हणाल्या होत्या त्या?"