येत होता तो प्रश्न

"आई, एकाच गणितात ११ मिनिटं गेली." ऐरोली स्टेशनच्या जिन्यावर लेक थांबली आणि एवढंच बोलली.

सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं. म्हणजे एकाला पावणेदोन मिनिटांच्या जरा वर. ११ मिनिटांत सहा झाले असते! चुकलं तरी गुण कापत नाहीत, पण शेवटचे चार तिने उघडलेसुद्धा नाहीत.

"मग सोडून पुढे का नाही गेलीस?"

"येत होता गं तो. अगदी जवळ आलं होतं उत्तर."

ठाण्याची गाडी आली, गेली. आम्ही तिथेच.

हातात घेतलेलं अर्धवट टाकायचं नाही, हे मीच शिकवलंय तिला. पानातलंसुद्धा. आता 'खूण करून ठेव, पुढे जा' हे कोणत्या तोंडानं सांगू? तुम्ही कसं सांगता मुलांना?