दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

डब्लिन, शनिवार, 3 ऑक्टोबर 2009

युरोपीय संघाच्या कारभाराचे नियम बदलणारा लिस्बन करार आयर्लंडच्या सार्वमतात मंजूर झाला. 67 टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. गेल्या वर्षी जूनमध्ये इथेच 53 टक्क्यांनी 'नाही' म्हटलं होतं.

सार्वमतात मत फक्त आयरिश नागरिकांना, त्यामुळे मला नाही. पण काल शेजारच्या आजींना मतदानाला मीच गाडीतून नेलं. मतपत्रिकेवर इंग्रजीबरोबर आयरिश भाषेत 'ता' आणि 'नील' असं छापलेलं असतं. आजी म्हणाल्या, आमच्या भाषेत नुसत्या 'हो'ला शब्दच नाही. 'ता' म्हणजे आहे, 'नील' म्हणजे नाही. अगदी आपल्या मराठीतल्या 'आहे-नाही'सारखं! मला फार जवळचं वाटलं.

गेल्या वर्षी त्यांनी 'नील'वर फुली मारली होती. युरोपवर त्यांचा राग नव्हता आणि आजही नाही. राग होता तो न वाचता सही करा म्हणणाऱ्या पुढाऱ्यांवर. पंतप्रधान ब्रायन काउएन यांनीच तेव्हा कबूल केलं होतं की करार त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेला नाही. मीही वाचायला घेतला होता. अमुक कलमातले अमुक शब्द वगळावेत, त्या जागी तमुक घालावेत, असं पानोपानी. जुने करार शेजारी उघडून ठेवल्याशिवाय एका ओळीचाही अर्थ लागेना. फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी 2005 मध्ये युरोपीय राज्यघटना नाकारली, तिच्यातलं बरंचसं या करारात आलं आणि तिथे या वेळी लोकांना विचारलंच नाही. आयर्लंडमध्ये निदान विचारलं. पण नीसच्या करारालाही (तो युरोपीय संघाचा आधीचा करार) इथे 2001 मध्ये 'नाही' म्हटल्यावर 2002 मध्ये पुन्हा विचारलं होतंच.

या खेपेला कर, गर्भपात आणि लष्करी तटस्थता यांबद्दल युरोपीय संघाकडून हमी मिळाली, संघाच्या कारभार पाहणाऱ्या आयोगात प्रत्येक देशाचा आयुक्तही राहणार. हे मिळालं ते गेल्या वर्षीच्या 'नाही'मुळेच, हे मला मान्य आहे. पण कराराचा एक शब्दही बदलला नाही, हे मला खुपतं.

मधल्या काळात बँका बुडायला आल्या, बांधकामं थांबली. आजींचा धाकटा मुलगा सुतारकाम करायचा, तो मार्चमध्ये कामासाठी ऑस्ट्रेलियात पर्थला गेला. विजेच्या खांबाखांबावर 'नोकऱ्यांसाठी हो' असे फलक होते. काल आजींनी 'ता'वर फुली मारली.

परतताना पट्टा लावता लावता त्यांनी विचारलं, "आज पुन्हा नाही म्हटलं असतं, तर तिसऱ्यांदा विचारलं असतं का गं?"

मी म्हटलं, "बहुतेक विचारलं असतं."

घर येईपर्यंत त्या खिडकीबाहेरच बघत होत्या.