हौद क्रमांक २: मरतुक डिसेंबरातली, चूक मे महिन्यातली

हौद घरामागचा. आठ बाय पाच फूट, अडीच फूट पाणी, म्हणजे साधारण २८०० लिटर. हिवाळा सुरू झाला तेव्हा १४ गोल्डफिश होते: ११ जुने, आणि मे महिन्यात मुंबईहून आणलेले ३ ओरांडा. आज ८ आहेत. सहा गेले, ते कसे गेले ते नीट लिहून ठेवतोय, कारण अमळनेर, जळगाव, धुळे या पट्ट्यात मासे पाळणाऱ्या कुणालाही हे भोवू शकतं.

१८ डिसेंबर. पहाटे बाहेर ९ अंश, हौदाचं पाणी १९. सर्वात जुना, कॉमेट जातीचा गोल्डफिश तळाला बसलेला, खायला वर आला नाही. थंडीत मासे मंदावतात म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तो मेला, वीस तारखेला आणखी दोन.

तेव्हा कुठे जागा झालो. मेलेल्याच्या कल्ल्याचं झाकण उचललं तर आत गाजरासारखा लाल रंग हवा, तिथे धुतलेल्या फडक्यासारखं फिकट. पुतणीचा शाळेचा सूक्ष्मदर्शक मागून आणला, अंगावरचा बुळबुळीत थर खरवडून काचेवर घेतला. ट्रायकोडायना हा त्वचेवरचा सूक्ष्म परजीवी नाही, कल्ल्यात कृमी नाहीत. अमोनिया शून्य. मग पोट उघडलं. प्लीहा फुगलेली आणि तिच्यावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके. मूत्रपिंड पांढुरकं. गोल्डफिशच्या हर्पिस विषाणूची, सीवायएचव्ही-२ ची, ही ओळखीची खूण. पीसीआर करून घेतलेली नाही, लक्षणांवरून म्हणतोय. जपानात १९९२ च्या सुमारास पहिल्यांदा या रोगाने गोल्डफिशच्या शेतीत धुमाकूळ घातला, आता तो भारतातही सापडलेला आहे.

माशाला आपल्यासारखी हाडांतली मज्जा रक्त बनवायला नसते, लसिकाग्रंथीही नसतात. त्याचं रोगाशी लढणारं सैन्य तयार होतं मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात, थायमसमध्ये आणि प्लीहेत. हा विषाणू नेमका मूत्रपिंडावर आणि प्लीहेवर उतरतो, म्हणजे चोर आधी पोलीस चौकीच पेटवतो. रक्त बनवणाऱ्या पेशीच मरतात, म्हणून कल्ले फिकट. हे पोट उघडेपर्यंत माझ्या डोक्यात शिरलेलं नव्हतं.

तरी मासा अगदीच निःशस्त्र नसतो. पहिली भिंत तो बुळबुळीत थर. त्यात लायसोझाइम असतं, जंतू मारणारी छोटी प्रथिनं असतात, आणि आयजीटी नावाचं खास माशांचंच प्रतिपिंड असतं. (मागच्या वर्षी मी कोरड्या टॉवेलने मासे धरायचो. आता ओला हात आणि मऊ जाळी, बाकी काही नाही.) भिंत ओलांडून विषाणू पेशीत शिरला की पेशी त्याचा माल ओळखते आणि इंटरफेरॉन नावाचं इशाऱ्याचं प्रथिन सोडते. याला मी बिबट्याचा फोन म्हणतो. उसात बिबट्या दिसला की ज्याने पाहिला तो आधी चार शेजाऱ्यांना फोन लावतो. त्याची स्वतःची शेळी वाचत नाही, पण बाकीचे गोठ्याचं दार लावून घेतात. शेजारच्या पेशीही तेच करतात: एमएक्स नावाचं प्रथिन तयार ठेवतात, पीकेआर नावाचं विकर सज्ज करतात. विषाणू शिरलाच तर ते विकर त्या पेशीचं प्रथिन बनवण्याचं कामच थांबवतं. विषाणूकडे स्वतःचा कारखाना नसल्याने तो अडकतो. हे सगळं तासा-दिवसांत होतं.

प्रतिपिंडं मात्र सावकाश येतात. माशाचं आयजीएम हे मुख्य प्रतिपिंड चार तुकड्यांचं असतं, आपलं पाच. ते पुरेसं तयार व्हायला उबदार पाण्यातही काही आठवडे जातात, थंड पाण्यात तर फारच रेंगाळतं. मासा थंड रक्ताचा, त्याच्या सैन्याचा वेग पाण्याच्या तापमानावर. विषाणूला मात्र १५ ते २५ अंश मानवतात. आपला डिसेंबर-जानेवारीचा हौद म्हणजे नेमकं तेच.

२१ डिसेंबर. हौदाच्या पूर्वेकडे पायरी आहे, तिथे सहा इंच पाणी. उन्हाळ्यात शेवाळ वाढवायला त्यावर काळी फरशी टाकली होती. दुपारी एक वाजता खोल पाणी १९.५, फरशीवर २४. चार मासे तिथे जवळजवळ पाठ उघडी पडेल इतक्या उथळ पाण्यात थिजल्यासारखे उभे. आई धुणं वाळत घालत होती, म्हणाली, "मासा बी ऊन खाई ऱ्हायनात रे!"

बरोबर तेच करत होते ते. माशाला आतून ताप आणता येत नाही, म्हणून तो ताप शोधायला जातो. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली कोई हर्पिस विषाणूवर (आपल्या विषाणूचाच भाऊबंद, कार्पला होणारा) केलेला प्रयोग याच गोष्टीचा: कार्प माशांना २४, २८ आणि ३२ अंशांचे तीन जोडलेले कप्पे दिले. आजारी मासे आपणहून ३२ च्या कप्प्यात गेले आणि तगले. ज्यांना २४ मध्येच अडवून ठेवलं ते मेले. त्याहून कमाल म्हणजे विषाणूकडे त्यावर तोड आहे. तो निरोप झेलणारं एक खोटं प्रथिन बनवून सोडतो, शरीरातला तापाचा निरोप त्यात अडकतो आणि माशाला उबेकडे जायची बुद्धी उशिरा होते.

माझ्या पायरीची २४ अंशांची ऊब ताप म्हणवण्यासारखी नव्हतीच. अख्खा हौद ३३ अंशांपर्यंत तापवायचा तर १४ अंश चढवायलाच ४५ युनिटच्या वर वीज, शिवाय रात्री सगळी उडून जाणार. म्हणून निळा २०० लिटरचा ड्रम आणला, त्यात १५० लिटर हौदाचंच पाणी, ३०० वॉटचे दोन हिटर, दोन एअर स्टोन. चार आजारी मासे त्यात. दर चार तासांनी एक अंश. घाई केली असती तर उष्णतेनेच मेले असते. वाटेत एकदा पहाटे लाइट गेली आणि पाणी ३१ वरून २८ ला उतरलं. पंप इन्व्हर्टरवर होता म्हणून निभावलं, कारण पाणी तापलं की त्यात हवा कमी मावते: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन, ३३ ला जेमतेम ७. आणि तापलेल्या माशाला हवा जास्त लागते.

३३ अंशांवर पाच दिवस ठेवलं, लिटरमागे ३ ग्रॅम खडे मीठ, खाणं बंद. दोघे चढतीवरच गेले. दोघे चौथ्या दिवशी काठाशी येऊन तोंड उघडझाप करायला लागले, म्हणजे भूक. हौदात उरलेल्या सातांपैकी आणखी एक गेला. त्या सातांसाठीही तेव्हाच दुसरा ड्रम लावायला हवा होता. ११०० रुपयांचा विचार करत बसलो, त्याची किंमत मोजली. अँटिबायोटिक वापरलं नाही. विषाणूवर ते चालत नाही, उलट फिल्टरमधले चांगले जिवाणू मारतं.

आता मे महिन्याची चूक. सहाही मेले ते जुन्या अकरांतले. नवे तीन ओरांडा एकदाही तळाला बसले नाहीत. आणले तेव्हा मी त्यांना तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवलं होतं, अगदी शिस्तीत, पण बाहेर ४४ अंश आणि टबाचं पाणी ३२! त्या उष्णतेत हा विषाणू माशाच्या अंगात मुकाट पडून राहतो. तीन आठवडे काय, तीन महिने ठेवले असते तरी काही दिसलं नसतं. आपला उन्हाळा औषध आहे खरा, पण तोच रोग झाकतोही. मी विलगीकरण केलं म्हणून निर्धास्त होतो आणि सात महिन्यांनी पाणी उतरताच हिशेब पुढे आला.

ही नोंद वाचून दाखवली तेव्हा पारोळ्याच्या मामेभावाने विचारलं, "नाना, मग उन्हाळ्यात माझ्या शेततळ्यातल्या तिलापियाला भीती नाही ना?" तसं नाही. तिलापिया लेक विषाणू वेगळ्या घराण्यातला, आरएनए विषाणू. २०१४ मध्ये इस्राएलमधून त्याची पहिली नोंद झाली, २०१८ मध्ये भारतातूनही. तो २२ ते ३२ अंशांतच मारतो, उबेला पळणं तिथे कामाचं नाही. गोल्डफिशचं गणित तिलापियाला लावू नका.

वाचलेले आठही आता वाहक धरायचे. दोघांनी मागितले, दिले नाहीत. एकजण रुसला आहे. हौद २ ची जाळी, बादली, पाइप वेगळे, त्यांवर लाल रंगाचा पट्टा मारलाय.

११ मे. हौद १ साठी तीन शुबंकिन (ही पण गोल्डफिशचीच जात) आलेत. घ्यायला नोव्हेंबरात हवे होते, पण रंग पाहून राहवलं नाही. टब मधल्या खोलीत, भोवती ओलं गोणपाट, समोर कूलर. पहाटे सहाला पाणी २४, दुपारी चारला २६.५. म्हणजे विषाणूला बाहेर यायला सांगणारं तापमान जेमतेम पहाटेपुरतं मिळतंय, म्हणून हे तिघे नोव्हेंबरपर्यंत टबातच राहणार. आईचं म्हणणं आहे, "मासास्ले कूलर नि आम्हले पंखा!" दुसऱ्या कूलरची चौकशी संध्याकाळी करून येतो.