‘मध्यम’ शिक्क्याखालचा उघडा पासवर्ड

जेन्किन्स ही सॉफ्टवेअर बांधण्याची आणि तपासण्याची कामे आपोआप करणारी प्रणाली आहे. तिच्या प्लगिनांविषयीच्या, म्हणजे जोड-प्रोग्रामांविषयीच्या, सुरक्षा सूचनांमध्ये एक त्रुटी वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा आढळते: प्लगिन एखाद्या बाह्य सेवेचा पासवर्ड किंवा टोकन (पासवर्डसारखा प्रवेश-संकेत) जॉबच्या, म्हणजे जेन्किन्सला नेमून दिलेल्या कामाच्या, कॉन्फिग.एक्सएमएल या फाइलमध्ये कूटबद्ध न करता, जसाच्या तसा लिहून ठेवते. सर्व्हरच्या डिस्कपर्यंत पोहोचणाऱ्याला तो वाचता येतोच. शिवाय ‘एक्स्टेंडेड रीड’ ही परवानगी असलेल्यालाही, म्हणजे ज्याने जॉबची मांडणी पाहावी पण बदलू नये अशी अपेक्षा असते त्यालाही, तो दिसतो. ही परवानगी मुळात बंद असते, परंतु लेखापरीक्षणाच्या सोयीसाठी अनेक ठिकाणी ती चालू केली जाते.

अशा त्रुटीला सीव्हीएसएस या, त्रुटीची तीव्रता दहापैकी गुणांत मोजणाऱ्या, पद्धतीत बहुधा ४.३ गुण मिळतात आणि ती ‘मध्यम’ ठरते. इंदूरच्या विजयनगर भागातील ज्या छोट्या कंपन्यांत माझे मराठी मित्र काम करतात, तेथे जेन्किन्स सांभाळण्यासाठी स्वतंत्र माणूस नसतो, आणि ‘मध्यम’ हा शब्द दिसला की ते काम पुढच्या रिलीजनंतर पाहू असे ठरते. मला हे धोकादायक वाटते. हे गुण प्लगिनमधल्या त्रुटीचे असतात. उघड्या पडलेल्या टोकनने पुढे काय काय करता येईल, हे त्यांत धरलेले नसते. ते टोकन डॉकर रजिस्ट्रीत (तयार सॉफ्टवेअरच्या कोठारात) इमेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा तयार संच, चढवण्याचे असेल, तर ज्याच्या हाती ते पडेल त्याला थेट ग्राहकाकडे जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करता येईल.

प्लगिन लिहिणाऱ्यासाठी दुरुस्ती सहसा लहान असते: त्या रकान्याचा प्रकार ‘स्ट्रिंग’ (साधा मजकूर) ऐवजी जेन्किन्सचा स्वतःचा, कूटबद्ध करून साठवणारा ‘सीक्रेट’ करायचा, किंवा त्याहून बरे म्हणजे पासवर्ड एका जागी सांभाळणाऱ्या क्रेडेन्शियल्स प्लगिनचा आधार घ्यायचा. प्लगिन वापरणाऱ्याचे काम मात्र तेवढ्यावर संपत नाही. आमच्या चमूतील एका नव्या सहकाऱ्याने विचारले, “दादा, प्लगिन अपडेट केलं, आता झालं ना?” झालेले नसते, कारण पुष्कळदा जुन्या जॉबमधला पासवर्ड ते जॉब पुन्हा सेव्ह करेपर्यंत उघडाच राहतो. तोच पासवर्ड जुन्या बॅकअपमध्ये असतो आणि कोणी त्या फाइली गिटमध्ये (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीत) ठेवत असेल तर तिथल्या इतिहासातही असतो. म्हणून पासवर्ड बदलणे हाच खरा उपाय आहे, आणि जुना रद्द करण्यापूर्वी तो कोठून कोठून वापरला गेला हे त्या सेवेच्या नोंदींत तपासलेच पाहिजे.

बॅकअपविषयी आणखी एक गोष्ट सांगतो. कूटबद्ध मजकूर उलगडण्याची किल्ली जेन्किन्सच्या होम फोल्डरमधील ‘सीक्रेट्स’ या उपफोल्डरात असते. संपूर्ण होम फोल्डरची एकच झिप करून ती सर्वांना खुल्या असलेल्या ड्राइव्हवर ठेवली, तर मजकूर आणि किल्ली एकाच हाती जातात. त्या उपफोल्डराचा बॅकअप वेगळ्या जागी, वेगळ्या परवानग्यांखाली ठेवावा.