आमची वाटचाल : दाबून ठेवलेल्या स्प्रिंगा

सुरुवातीला आमच्या वर्कशॉपमध्ये काय होत नव्हतं ते विचारा. ब्रॅकेट, वॉशर, हुक, अगदी फाटकाच्या बिजागऱ्यासुद्धा. आलेलं काम परत पाठवायचं नाही, एवढंच आमचं धोरण. वर्षअखेरीला हिशेब मांडला तर यंत्र चालण्यापेक्षा सेटिंग बदलण्यातच जास्त तास गेलेले. माझ्या भागीदारांनी एके दिवशी फळ्यावर लिहिलं, ‘फक्त कॉम्प्रेशन स्प्रिंग’, म्हणजे दाब झेलणाऱ्या स्प्रिंगा. मी आठ दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. हातातली गिऱ्हाइकं सोडायची म्हणजे काय!

एकच वस्तू करायला लागलो आणि त्या वस्तूतलं आपल्याला किती थोडं कळतं ते उघडं पडलं. जेवढं बल तेवढी स्प्रिंग दबते किंवा ताणते, हा हूकचा नियम १६७८ सालचा, आम्ही तो शाळेत घोकलेला. पण स्प्रिंगचा कडकपणा वायरच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, हे आम्हाला परत आलेल्या लॉटने शिकवलं. २ मिमीची वायर २.०४ आली तर नजरेला काहीच कळत नाही. स्प्रिंग मात्र जवळपास ८ टक्क्यांनी कडक होते. ड्रॉइंगवर कडकपणात १० टक्क्यांचा फरक चालेल असं असलं तरी तो बराचसा तिथेच संपतो. तेव्हापासून वायरचं प्रत्येक बंडल यंत्रावर चढवण्याआधी मायक्रोमीटरने मोजतो.

खरी परीक्षा पुढेच होती. झिंक प्लेटिंग केलेल्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या स्प्रिंगा आमच्याकडे सगळ्या तपासण्या पास व्हायच्या आणि गिऱ्हाइकाकडे बसवल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुटायच्या. एखादी नाही, मूठभर. आम्ही घाबरून सगळंच बदललं : वायरचा सप्लायर, कॉइलिंगचा (वायर गुंडाळण्याचा) वेग, भट्टीचं तापमान. मधला एक लॉट चांगला निघाला, पण कशामुळे ते कुणालाच सांगता येईना. पुढचा पुन्हा तुटला. ती चिकाटी नव्हती, नुसती धडपड होती. रात्री बारापर्यंत थांबत होतो, एवढंच.

शेवटी यंत्राचं सेटिंग करणारे आमचे सेटर म्हणाले, “साहेब, एका वेळी एकच गोष्ट बदलू. आणि वहीत लिहू.” त्या वहीने दोन-अडीच महिने खाल्ले. प्लेटिंग न केलेली एकही स्प्रिंग तुटत नाही, हे त्यातूनच दिसलं. दोष आमच्या कॉइलिंगमध्ये नव्हताच. ॲसिडमध्ये धुताना आणि प्लेटिंग होताना पोलादात हायड्रोजन शिरतो. कठीण पोलाद त्याने आतून ठिसूळ होतं आणि दाबाखाली राहिलं की काही तासांनी किंवा दिवसांनी तडकतं. उपाय जुनाच आणि जगजाहीर : प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत स्प्रिंगा भट्टीत घालायच्या आणि २०० अंशांच्या आसपास कित्येक तास तापवायच्या. आम्ही त्या दुसऱ्या दिवशी सवडीने तापवत होतो.

आता प्रत्येक लॉटमधल्या काही स्प्रिंगा ४८ तास दाबून ठेवतो, मगच माल निघतो. घाईतली गिऱ्हाइकं कुरकुरतात, एक-दोन गेलीही.

हल्ली भागीदारांच्या मनात एक्स्टेन्शन स्प्रिंग, म्हणजे टोकांना हुक असलेल्या, ओढल्यावर ताणणाऱ्या स्प्रिंगा घ्यायचं आहे. मागणी चांगली आहे, ते खरं. पण या स्प्रिंगांचा हुक जिथे वाकतो तिथे ताण एकवटतो आणि बहुतेक वेळा तुटतात त्या तिथेच. म्हणजे वही पुन्हा पहिल्या पानापासून. या खेपेला ‘नको’ मी म्हणतोय, आणि बोलत नाहीत ते.