पोत्यातला 127 दाती गिअर : आमच्या वर्कशॉपची वाटचाल

हिंगणघाटकडील एका बंद पडलेल्या जिनिंगचे (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याचे) सामान विक्रीला निघाले, तेव्हा वडिलांनी जुनी विलायती लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापणारी मशीन) घेतली आणि सुटी करून बंडीच्या दोन खेपांत गावी आणली. तिच्यासोबत गिअर, बुश (शाफ्टभोवती बसणाऱ्या नळ्या) आणि ओळख न पटणाऱ्या बिडाच्या तुकड्यांचे एक पोतेही आले; विकणाऱ्याने ते वजनावर दिले आणि आम्हीही ते भंगारच समजलो. पुढची दहा-बारा वर्षे शाफ्ट आणि बुश यांत गेली.

मग तालुक्याच्या रस्त्यावर एक नवे दुकान उघडले. ते काढणारे गृहस्थ टूलला धार लावायला आमच्याच दुकानात शिकले होते. ‘त्यांची मशीन इंचाची, तिच्यावर मिलिमीटरचे आटे पडत नाहीत,’ असे त्यांनी गिऱ्हाइकांना सांगितले, आणि दुःख याचे की ते खरे होते. आमच्या लीड स्क्रूला, म्हणजे टूल पुढे सरकवणाऱ्या लांब स्क्रूला, इंचात 4 आटे. मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा असला, तरी जुन्या रेच्यांची (सरकी काढणाऱ्या यंत्रांची) कामे इंचातच निघत असल्याने आम्हाला त्याची झळ पोचली नव्हती. मिलिमीटरच्या मापाचे नवे रेचे आले, कामे गेली आणि एका हंगामात वीजबिलासाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या.

जिनिंगचे एक म्हातारे फिटर, ज्यांना आम्ही काकाजी म्हणत असू, तेवढे येत राहिले. त्यांनीच एके दिवशी पोते उपडे केले आणि सर्वांत मोठा गिअर माझ्यापुढे ठेवून ‘बाबू, दात मोज,’ म्हणाले. पहिल्या दाताला खडूची खूण करून मोजले, तर 127 भरले. या आकड्याला कशानेच भाग जात नाही, म्हणून मी तीनदा मोजले. काकाजींनी फरशीवर लिहिले : 25.4 (एका इंचातले मिलिमीटर) गुणिले 5. बाहेरचा व्यास 8 इंच अर्धे सूत, म्हणजे 8 पूर्णांक 1/16 इंच, होता. दातांत 2 मिळवून 129 ला त्याने भागले, तर नेमके 16 आले, म्हणजे आमच्या इतर गिअरांचाच डीपी (दातांच्या आकाराचे माप). जॉब (कापायचा तुकडा) फिरवणाऱ्या स्पिंडलकडे 40 दाती, लीड स्क्रूवर 127 आणि मध्ये हाताला आला तो आयडलर (दोघांना जोडणारा गिअर) लावताच, जॉबच्या दर फेऱ्याला सॅडल (टूल वाहून नेणारा भाग) 2 मिलिमीटर सरकू लागले. मात्र अशा कामात सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा हाफ नट उघडू नये. टूल मागे घेऊन मशीन उलटी फिरवावी, नाहीतर आटा हुकतो.

जुने सुटे भाग रॉकेलने धुवावेत, पण चमकवण्यासाठी कानस लावू नये, कारण तो भाग कुठे घासत होता हे झिजलेली कडच सांगते. पितळी टोकांचे एक ब्रॅकेट आम्ही कित्येक वर्षे दाराला अटकण म्हणून वापरले; त्याची भोके सॅडलवरच्या दोन रिकाम्या आट्यांशी जुळली तेव्हा कळले की ती लांब, बारीक शाफ्टला टूलजवळ टेकू देणारी फिरती स्टेडी आहे.

एम 16 चे (16 मिलिमीटर व्यासाचे, 2 मिलिमीटर आट्याचे) पहिले स्टड, म्हणजे बिनडोक्याचे बोल्ट, काकाजींनी नेले आणि पैसे त्याच दिवशी चुकते केले. नव्या दुकानाचे मालक मात्र तो गिअर आम्ही त्यांच्याकडून उसना नेल्याचे आजही सांगतात. पोत्यातील तीन भोकांचा एक वाकडा तुकडा अद्याप ओळखता आलेला नाही; तेल लावून तो फळीवर ठेवला आहे.