ओयू तोल्गोईचं १५० क्रमांकाचं छिद्र

मंगोलियाच्या दक्षिण गोबीतलं ओयू तोल्गोई हे तांबं-सोन्याचं ठिकाण १९९६ मध्ये शोधपथकाच्या नजरेत आलं. १९९७-९८ मध्ये बीएचपी या खाण कंपनीने तिथे खडक तपासायला २३ खोल छिद्रं घेतली आणि ती थांबली. आयव्हनहो माइन्स या दुसऱ्या कंपनीने छिद्रं घेतली ती २००० मध्ये. सुरुवातीला तिचंही लक्ष वरच्या चाल्कोसाइटच्या, म्हणजे तांबं भरपूर असलेल्या सल्फाइड खनिजाच्या, थरावरच होतं.

हा थर कसा तयार होतो ते समजलं की बाकीचं उलगडतं. पृष्ठभागाजवळ पायराइट (लोखंडाचं सल्फाइड) पाणी आणि हवेने कुजतं, त्यातून सल्फ्युरिक आम्ल बनतं, आणि ते खडकातलं तांबं विरघळवून खाली नेतं. भूजलपातळीशी तेच तांबं चाल्कोसाइट होऊन बसतं. खालच्या मूळ खडकातल्या चाल्कोपायराइट या तांबं-लोखंडाच्या सल्फाइडमध्ये सुमारे ३४.५ टक्के तांबं, चाल्कोसाइटमध्ये जवळजवळ ८०. म्हणून हा पातळ थर मोहात पाडतो. त्याच्या वरचा खडक मात्र धुऊन निघालेला असतो. तिथल्या नमुन्यात तांबं नगण्य आलं म्हणून जागा सोडू नये. सोनं बहुधा जागेवरच राहतं, त्यामुळे त्याची तपासणी हवीच. क्वार्ट्झच्या शिरांची दाटीही मोजावी. गंजाचा रंग नीट पाहावा: गडद तांबूस हेमॅटाइट चाल्कोसाइटकडे बोट दाखवतं, पिवळा जॅरोसाइट (लोखंडाचं सल्फेट) भरपूर पायराइटकडे. माझ्या मते नकाशावर सगळ्यात आधी हीच नोंद हवी.

२००१ मध्ये काही छिद्रं या थराच्या खाली, मूळ सल्फाइडपर्यंत नेली. त्यातल्या, नैऋत्य ओयू या भागातल्या, १५० क्रमांकाच्या छिद्रात ७० मीटर खोलीपासून सलग ५०८ मीटर ०.८१ टक्के तांबं आणि प्रतिटन १.१७ ग्रॅम सोनं लागलं. टक्क्याहून कमी तांब्याला सोन्याची अशी जोड म्हणजे मोठीच गोष्ट!

पण ५०८ मीटर ही छिद्राच्या रेषेवरची लांबी आहे, धातुकाची जाडी नव्हे. नैऋत्य ओयूचा समृद्ध गाभा सुमारे २५० मीटर व्यासाचा, उभा, ८०० मीटरहून खोल असा खांबासारखा आहे. अशा खांबातून उभ्याने गेलं की आकडा फुगतो. आडव्या दिशेने तिरकी छिद्रं घेतल्याशिवाय टन मोजू नयेत.

उत्तरेकडचा ह्यूगो डमेट हा दुसरा साठा तर नंतरच्या खडकांखाली पूर्ण झाकलेला होता, पृष्ठभागावर डागही नाही. आयपी सर्वेक्षणात, म्हणजे जमिनीत वीज सोडून सल्फाइड शोधण्याच्या पद्धतीत, विजेच्या टोकांमधलं अंतर कमी असेल तर प्रवाह तेवढा खोल जातच नाही. ते अंतर काही किलोमीटरपर्यंत वाढवलं, तेव्हा २००२ मध्ये तो हाती लागला.